तोंडात टाचण्या

तिला सगळे टाचणी म्हणतात. अंगानं ती टाचणीसारखी अजिबात नाही. चांगली भरलेली बाई, दुकानात उभी राहिली की दुकान निम्मं होतं. नाव पडलं ते तोंडामुळे. कपडे आल्टर करायचं तिचं दुकान. गिऱ्हाईक आरशासमोर उभं केलं की ती ओठांत टाचण्यांचा पुंजका धरून खाली गुडघ्यांवर बसते आणि एकेक टाचणी काढून कापडाला लावत जाते. तोंडात टाचण्या असल्यावर बोलणार काय? फार तर "हं." आणि समोरची बाई नुसती हं म्हणतेय म्हटल्यावर गिऱ्हाइकाची जीभ सैल सुटते. लग्न मोडल्याचं, नोकरी गेल्याचं, सासऱ्यानं दात काढून घेतल्याचं, काय वाट्टेल ते लोक तिच्या डोक्यावर ओतून जायचे. ती सगळं ऐकायची, पँटची कड दुमडायची आणि उठताना पाठीला हात लावून म्हणायची, "गुरुवारी न्या."

पॉडकास्टचं खूळ वन्संनी आणलं. वन्सं म्हणजे तिची मोठी नणंद. गॅस कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या, ही त्यांची नोकरी. घरी आल्यावर त्यांना शांतता सोसायची नाही, म्हणून कुणाकुणाच्या गप्पा ऐकत भाजी चिरायच्या.

"टाचणे, हे लोक कायच्या काय बोलतात आणि हजारो माणसं ऐकतात," एकदा त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे तर पोत्यानं माल पडलाय."

"माझ्याकडे कापडाच्या चिंध्या पडल्यात, वन्सं."

"तेच म्हणते मी."

पहिला भाग केला तो काजं कशी करावीत यावर. टाचणीनं आधी सगळं लिहून काढलं, इस्त्रीच्या टेबलावर फोन उभा केला आणि वाचलं. ऐकणारे तिघं. वन्सं, नवरा आणि कोण एक अनोळखी, जो बहुधा चुकून आला होता. नवरा तर पहिल्या काजातच घोरायला लागला.

"तू बोलत होतीस की नळ बंद राहणार असल्याची सूचना वाचत होतीस?" वन्संनी विचारलं. "आणि आवाज केवढा घुमतोय! पाण्याच्या टाकीत बसली होतीस का?"

मग वन्संनी ऑफिसातला जुना, टाकून दिलेला माइक आणला आणि आवाज कुठं घुमत नाही ते शोधत दुकानभर टाळ्या वाजवत फिरल्या. रस्त्यावरची माणसं डोकावून बघायला लागली. कपडे बदलायच्या कोपऱ्यात, जिथं एका बाजूला जाड पडदा आणि तीन बाजूंना गिऱ्हाइकांचे तयार कोट टांगलेले, तिथं टाळी अशी मेली की वन्सं खूश. "इथं बस. कापड आवाज खातं."

"पण बोलू कुणाशी? तिथं तर कोटच कोट."

"मी दिवसाला शंभर फोन घेते, पण बोलते एकाशीच. बाकीचे नव्याण्णव त्या वेळी नसतातच. तूही एक माणूस धर."

टाचणीला हे पटलं, पण तिनं ते आपल्या पद्धतीनं घेतलं. दर बुधवारी, दुकान बंद असायचं त्या दिवशी, ती एक कपडा निवडायची, समोरच्या खुंटीला अडकवायची आणि त्याच्याशी बोलायची. कपडा अंगाचा आकार धरून ठेवतो. कोपरं फुगलेली, खिसा लोंबलेला, कॉलर एका बाजूला घासलेली. तिला वाटायचं, माणूसच उभा आहे. त्याला ती म्हणायची, "काय रे बाबा, इतकं काय भरतोस खिशात?" आणि तिथून त्या गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू व्हायची. कार्यक्रमाला नाव दिलं 'पडद्याआड'. नाव, गाव, धंदा ती बदलायची. मधेच कात्री चालायची, कुठं रिक्षा भुंकल्यासारखी वाजायची, ते तसंच राहू द्यायची.

आणि लोक ऐकायला लागले. एकदम नाही. आधी समोरची झेरॉक्सवाली, मग तिची बहीण, मग कुठकुठली माणसं. एका नर्सनं लिहिलं की ड्यूटीवरून परतताना बसमध्ये ऐकते, उतरायचा थांबा दोनदा चुकला. एका ट्रकवाल्यानं लिहिलं, तुम्ही मलाच ओरडताय असं वाटतं, बरं वाटतं. टाचणी प्रत्येकाला उत्तर द्यायची, तेही बोलून, कारण टाइप करायला बसली की तिची बोटं सुईसारखी सरळ चालायची नाहीत. एका बुधवारी सर्दीनं भाग झाला नाही, तर गुरुवारी लोक विचारायला लागले, बाई, बऱ्या आहात ना? तिला त्याचं फार अप्रूप वाटलं. आणि खोटं कशाला बोला, चटकही लागली. सकाळी उठल्या उठल्या चष्म्याआधी फोन हातात.

चुकलं ते घड्याळकाकांच्या बाबतीत.

घड्याळकाका म्हणजे रस्त्यापलीकडचे घड्याळदुरुस्तीवाले. डोळ्याला भिंग लावून वाकून बसायचे, तसे बसून बसून डावा खांदा उतरलेला. लहानपणी पडल्यानं उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता, म्हणून उजवी बाही बोटभर आखूड शिवावी लागायची. त्या उन्हाळ्यात ते पँट कमरेत आवळून घ्यायला आले. थोड्या दिवसांनी परत आले. मग परत.

"आतून घ्या," ते म्हणाले. "बाहेरून कळता कामा नये. पट्ट्याच्या टिपा होत्या तिथंच दिसल्या पाहिजेत."

"हं?" टाचणी टाचण्यांतून म्हणाली.

"हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तिला कशाला घोर? आणि डॉक्टरकडे मी जाणार नाही. माझा भाऊ असाच वाळत गेला. डॉक्टरनं नाव सांगितलं आणि महिन्याभरात आटोपला. नावच नको ऐकायला."

टाचणीनं कंबर आत घेतली. बाहेरची टीप जुन्या भोकांतूनच परत घातली, रंग उतरलेला दोरा शोधून. असं काम की कुणाच्या बापाला कळणार नाही. पण ते काम केल्यापासून तिला चैन पडेना. काकांना म्हणावं डॉक्टरकडे जा, तर ते ऐकून घेणार नाहीत. काकूंना सांगावं तर विश्वास मोडतो. ते सगळं मनात घेऊन ती बुधवारी पडद्याआड बसली. समोर काकांचीच पँट टांगली होती. आणि ती बोलली. इतकं चांगलं ती पूर्वी कधी बोलली नव्हती.

बदल तिनं केले होते. घड्याळवाल्याचा शाळेतला शिक्षक केला. एका मुलीचे दोन मुलगे केले. मिशी दिली, डोक्यावर केस दिले. पण माप मात्र खरं सांगितलं. डावा खांदा उतरलेला, उजवी बाही बोटभर आखूड. ते बदलायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. मिशी काय, आज आहे उद्या नाही. मापात खोटं बोलायचं म्हणजे तिच्या हातून कापड वाकडं कापल्यासारखं झालं असतं.

तो भाग वाऱ्यासारखा पसरला. वन्संच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून ऐकला. माणसं रडली, माणसांनी आपल्या नवऱ्यांना वजनकाट्यावर उभं केलं. वन्सं नाचायच्या तेवढ्या बाकी होत्या.

शुक्रवारी घड्याळकाकू आल्या. काठी टेकत, रस्ता ओलांडून, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं नसताना. हातात काकांचा शर्ट होता. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि दोन्ही बाह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"तीस वर्षं ह्या बाह्यांना मी इस्त्री करतेय," त्या म्हणाल्या. "कुठल्या शाळेत शिकवतो गं हा शिक्षक?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक काढून डबीत ठेवल्या, तेवढाच वेळ मिळाला.

"काकू, मी..."

"तू सांगितलंस त्याचा राग नाही मला. म्हणजे आहे, पण तो नंतर. माझ्या नवऱ्याची कंबर तुला ठाऊक आणि मला नाही! एका पलंगावर झोपतो आम्ही."

"त्यांनीच सांगितलं होतं, आतून घ्या म्हणून."

"आणि तू घेतलीस. छान घेतलीस. मी रोज त्या पँटची घडी घालते, मला पत्ता लागला नाही." काकूंनी शर्ट गोळा केला, घडीही न घालता. "ज्याला कळायला पाहिजे त्याच्यापासून लपवलंस आणि साऱ्या जगाला ऐकवलंस. उलटं शिवलंस गं टाचणी."

त्या गेल्या. टाचणी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसली.

संध्याकाळी वन्सं आल्या. टाचणी म्हणाली, "तो भाग काढून टाका."

"वेडी आहेस? त्याच्यावरच तर सगळी नवी माणसं आलीत! आणि काकूंना कळलंय आता. काढून काय परत न कळल्यासारखं होणारेय?"

"त्यांना कळलं ते कळलं. बाकीच्यांना कशाला?"

"बाकीच्यांना ते कोण हेच ठाऊक नाही."

"वन्सं, तुमच्याकडे फोन करून कुणी रडतं, ते तुम्ही चौकात लावता का?"

वन्संनी फोन हातात घेतला. मग बडबड करत का होईना, भाग काढला. पुढच्या बुधवारी टाचणी समोर काहीच न टांगता बसली आणि एवढंच बोलली की मागचा भाग काढलाय, कारण ज्याची ती गोष्ट होती त्याला मी विचारलं नव्हतं, आणि यापुढे विचारल्याशिवाय कुणाची गोष्ट सांगणार नाही. काहीजण चिडले. काहीजण निघून गेले. ट्रकवाल्यानं लिहिलं, थांबतो.

गप्पा आटल्या, कारण विचारलं की माणसं "बघू" म्हणायची आणि आरशासमोर गप्प उभी राहायची. टाचणीच्या ओठांत टाचण्या असल्या तरी आता कुणी बोलेना. दुकानात इतकी शांतता की मशीनचाच आवाज मोठा वाटायचा. तेवढंही तिनं सोसलं असतं. पण घड्याळकाका रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे आणि तिच्या खिडकीकडे मान वळवायचे नाहीत. वर त्यांनी पँट दुसरीकडून आल्टर करून घेतली. कुठल्या कसायाकडून, देव जाणे! मागं कापडाचा हा एवढा बोचका, एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब. टाचणी खिडकीतून बघायची आणि कळवळायची. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असली पँट घालून रोज समोरून जाणं म्हणजे फारच झालं.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी काका दुकानात आले. मागून काकू, काठीशिवाय. ऑपरेशन झालं होतं.

काका बसले नाहीत. "हिनं मला कॉलर धरून डॉक्टरकडे नेलं," ते म्हणाले. "शुगर निघाली. गोळ्या चालू आहेत. भावाचं होतं तसलं काही नाही."

टाचणीच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की टेबलावरचा खडू हलला.

"थांबा," काका म्हणाले. "बरं झालं, म्हणून तुम्ही केलं ते बरोबर झालं असं नाही."

"नाही झालं," टाचणी म्हणाली.

"मला चार लोकांनी विचारलं, शाळा कशी चाललीय."

काकूंना हसू फुटलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. काकांनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि पिशवीतून ती बोचकेवाली पँट काढली.

"ही टोचते. बसवत नाही."

टाचणीनं पँट उलटी केली, टीप बघितली आणि तिच्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. "उसवते मी आत्ता. आतून..."

"आतून नको," काकू म्हणाल्या. "बाहेरून घे. जाड दोऱ्यानं. मला टीप लांबून दिसली पाहिजे. पुढच्या वेळी हलली तर मला आधी कळू दे."

टाचणीनं काकांकडे बघितलं. माप त्यांचं होतं, विचारायला त्यांनाच हवं होतं.

"घ्या ती म्हणते तशी," काका म्हणाले. "पण माझी बाही पुन्हा तुमच्या त्या पेटीत नको."

"नाही यायची."

"माझं येऊ दे की," काकू म्हणाल्या. "ह्याचं अवाक्षर नाही. माझा गुडघा. डॉक्टर भूल देताना गाणं गुणगुणत होता आणि ते बेसूर होतं, हे मला कुणाला तरी सांगायचंय. घरी हा ऐकत नाही, म्हणतो चौथ्यांदा झालं."

"पाचव्यांदा," काका म्हणाले.

तो बुधवार नव्हता. तरी टाचणीनं काकूंना कोटांच्या मधल्या स्टुलावर बसवलं, माइक त्यांच्यासमोर ठेवला आणि पडदा ओढायला गेली.

"राहू दे उघडा," काकू म्हणाल्या. "हा बाहेर बसलाय ना."

बाहेर बस थांबली होती, तिचं इंजिन धडधडत होतं, आणि समोरची झेरॉक्सवाली कुणाला तरी सुट्ट्यावरून झापत होती. वन्सं ह्या आवाजावरून जीव खाणार होत्या. टाचणीनं बटण दाबलं, काकांची पँट मांडीवर घेतली, ओठांत टाचण्या धरल्या आणि काकूंकडे बघून म्हणाली, "हं."