बुटाची लेस

सोपा चेंडू आमच्या गोलकीपरच्या हातांतून निसटून जाळ्यात गेला आणि अख्खी गॅलरी त्याच्यावर तुटून पडली. "काढा त्याला भाईर!" माझ्या शेजारचे काका घसा फाडून ओरडले. कोल्हापुरात आम्ही गोल झाला की जीव तोडून नाचतो, आणि गोल खाल्ला की तितक्याच जोरात शिव्या देतो.

तेवढ्यात आमचा कप्तान पार मधल्या रेषेपासून चालत आला. त्यानं पाठ थोपटली नाही, उपदेशही केला नाही. सरळ खाली बसला आणि गोलकीपरच्या बुटाची सुटलेली लेस बांधू लागला. जाड हातमोज्यांत ती त्याची त्याला बांधता आली नसती.

"पगारी खेळाडू हाय, मन खंबीर नको व्हय?" काका म्हणाले.

नको! खंबीर मन म्हणजे काय घरून डब्यात घालून आणायची वस्तू आहे? आपण हजारो लोकांनी मिळून एका माणसाला चिरडायचं, आणि वर त्यालाच मनाचा कच्चा म्हणायचं. संघाचं मन अकरा जणांत वाटलेलं असतं. एकाचं संपलं की दुसऱ्यानं आपल्यातलं द्यायचं. नाहीतर मैदानात उरतात त्या नुसत्या जर्सी.

"नाटकं बघा! ऊठ की रं!" काका पुन्हा ओरडले. शिट्ट्यांनी कान किटले. कप्तानानं मान वर करून आमच्या गॅलरीकडे एकदा शांतपणे पाहिलं. मग त्यानं गोलकीपरच्या दुसऱ्या बुटाची घट्ट बांधलेली लेस सोडली, आणि तीही सावकाश बांधायला घेतली.