ताईंनी प्रॉम्प्टर काढून टाकला

शरयूताई चौबळ यांची माझी ओळख आधी आवाजाची, मग चेहऱ्याची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. ताई तिथे टेलिफोन ऑपरेटर होत्या. बाहेर फोन लावायचा तर त्यांच्याकडे लाइन मागावी लागे, आणि मला फोनची भीती वाटे. खरं तर कशाची वाटत नसे, हेच शोधावं लागलं असतं. काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून काढी, मनातल्या मनात म्हणून पाही आणि मगच रिसीव्हर उचली. एके दिवशी कागद समोर धरून मी म्हणालो, "नमस्कार, मी प्रयोगशाळेतून दामले बोलत आहे. कृपया मला बाहेरची लाइन मिळू शकेल का?"  पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "दामले, तुम्ही वाचताय का?"

मी घाबरून फोन ठेवून दिला. दुपारी कॅन्टीनमध्ये एक उंच, चष्मा लावलेल्या बाई ताट घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आल्या. "मी बोर्डावरची चौबळ," त्या म्हणाल्या. "उद्यापासून कागदाशिवाय फोन करायचा. चुकलात तरी ऐकणारी मीच आहे ना? मी कुणाला सांगत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटातली त्यांना आवडणारी मिरची उचलली आणि जेवायला बसल्या.

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या दिग्दर्शनाविषयी, त्यांच्या बालनाट्य शिबिरांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे भीतीविषयी, कारण त्या विषयातला माझा अधिकार कुणी नाकारणार नाही.

आमच्या कारखान्याच्या क्लबचं एक नाट्यमंडळ होतं. दरवर्षी कारखान्यांच्या नाट्यस्पर्धेत आम्ही मुंबईत गाजलेलं एखादं नाटक बसवत असू. बसवत असू म्हणजे उतरवत असू. मूळ प्रयोग पुन्हापुन्हा पाहायचा, कोणता नट कुठे वळतो, कुठे चष्मा काढतो, ते डोळ्यांत भरून घ्यायचं आणि तसंच्या तसं करायचं. जुन्या दिग्दर्शकांची बदली झाली तेव्हा दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून मंडळ ताईंकडे आलं. बाईमाणूस पुरुषांच्या तालमी घेणार, यावर कुजबुज झालीच. पहिल्याच तालमीत मी मूळ नटासारखा खोकलो. ताईंनी हात वर केला. "दामले, हा खोकला कुणाचा?" मी नटाचं नाव सांगितलं. "मग त्यांना परत द्या. तुम्हाला येईल तेव्हा तुमचा खोका."

त्या वर्षी प्रयोगात जे घडलं ते सांगायला आजही माझा जीव गोळा होतो. मला शब्द पाठ असायचे, पण विंगेतल्या प्रॉम्प्टरने वाक्य पुरवल्याशिवाय तोंडातून काढायची हिंमत व्हायची नाही. आजारी आईच्या उशाशी बसण्याचा प्रसंग होता. प्रॉम्प्टर मध्येच कुणावर तरी खेकसला आणि मी तेही आवाजात कंप आणून म्हणून टाकलं, "आई, तो पंखा बंद करा, पडदा हलतोय." आईचं काम करणाऱ्या हिशेब विभागातल्या कुलकर्णीबाई प्रसंगावधानी. त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "नको रे, उकडतंय." पुढची पाच मिनिटं प्रेक्षक हसत होते आणि मी आईच्या पांघरुणाखाली कसं शिरता येईल याचा विचार करत होतो.

क्लबच्या सेक्रेटरींनी ताईंना बोलावून घेतलं. बोलणं गोडच होतं: या वर्षीचं झालं ते झालं, पण पुढच्या वर्षी पुन्हा असं हसं झालं तर मंडळ दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. ताईंना मंडळ म्हणजे काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण गप्प राहायचं, असं त्यांचं काम. संध्याकाळची तालीम एवढीच त्यांची स्वतःची जागा. दुसरा एखादा माणूस सावध झाला असता. ताईंनी पुढच्या वर्षी स्वतः नाटक लिहिलं, त्यात मला बापाचं मुख्य काम दिलं आणि जाहीर केलं, "या वेळी प्रॉम्प्टर नाही."

माझी झोप उडाली. आता मी विसरलो तर नुसता माझा पचका होणार नव्हता, ताईंचं मंडळ जाणार होतं. जेवताना घास तोंडाशी नेला की बापाच्या शेवटच्या भाषणातलं पुढचं वाक्य आठवेना आणि हात तसाच राही. शेवटी एका रविवारी मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. तिथल्या कात्रप भागात तेव्हा इमारती मोजक्याच होत्या. ताई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या.

"ताई, माझ्या जागी दुसऱ्याला घ्या. लोक हसतील. मंडळ जाईल तुमचं."

"गेलं तर माझं जाईल. तुम्ही चहा घ्या."

"पण लोक..."

"दामले, पाठ करून बोललात तरी लोक बोलायचे ते बोलणारच. कुणाकुणाचं तोंड धरणार आहात?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आणि उद्या कॅम्प तीनला यायचं आहे. तुमच्या बापाला शर्ट घ्यायचाय."

उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात, शिलाईच्या कारखान्यांच्या गल्लीत, एका सिंधी दुकानदाराने माझ्यापुढे शर्टांचा ढीग घातला. मी क्रीम रंगाचा उचलला, ठेवला, दुसरा क्रीम उचलला. बाप म्हणजे सोज्वळ हवा, पण फार नको. फिका हवा, पण दिव्यात दिसायला हवा. दुकानदार कंटाळला. "अरे साईं, शर्ट लेना है के लडकी देखनी है?" ताई म्हणाल्या, "डोळे मिटा आणि हात घाला." माझ्या हाती आला चक्क पोपटी, मोठ्या कॉलरचा शर्ट. "हाच द्या," ताई म्हणाल्या. मी कळवळून विचारलं, बाप असा असतो का? "बापाला काय आवडतं हे कधी कुणी विचारलंय का? असेल त्याला पोपटी आवडत." त्या रात्री त्यांनी माझं निम्मं काम नव्याने लिहिलं. तो बाप आधी पुतळा होता, आता माणूस झाला. माझी भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही, कारण आता शब्दही नवे होते.

प्रयोगाचा दिवस आला. गोष्ट साधी होती. मुलगा नोकरीसाठी दूरदेशी निघाला आहे आणि बाप त्याला निरोप देतो. मुलाचं काम करणारा म्हात्रे हा बदलापूरजवळच्या शिरगावचा, घरची भातशेती असलेला आमचा फिटर. भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी माझ्या तोंडी उपदेशाचं लांबलचक भाषण होतं. म्हात्रे ट्रंक उचलायला वाकला, मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. एक अक्षर नाही. कानांत भट्टीसारखा आवाज घुमू लागला. पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब होते, शेजारी सेक्रेटरी. सेक्रेटरींनी मान वळवून साहेबांकडे पाहिलेलं मला दिसलं. मी विंगेकडे पाहिलं. तिथे ताई उभ्या होत्या, पडद्याची दोरी घट्ट धरून, माझ्याकडे एकटक बघत. ओठ मिटलेले. संपलं सगळं, मी मनात म्हटलं, ताईंचं मंडळ मी घालवलं.

घरातून निघताना कुलूप पुन्हापुन्हा ओढून पाहायची मला खोड आहे. बायको त्यापायी कावलेली असते. काही सुचेना तेव्हा माझे हात आपोआप ट्रंकेच्या कुलपाकडे गेले. ओढून पाहिलं. म्हात्रेने ट्रंक उचलली, तर मी खाली ठेवायला लावली आणि पुन्हा ओढून पाहिलं. "लागलंय ना रे?" एवढंच तोंडून निघालं. पुन्हा वाकलो. म्हात्रेला हे कशातलं ते कळेना, पण गडी डगमगला नाही. नाटकातली शुद्ध भाषा सोडून तो आपल्या घरच्या, 'किती'ला 'कवरा' म्हणणाऱ्या बोलीत म्हणाला, "लागलाय बाबा कुलूप. कवरा बगशील?" आणि माझा हात कुलपावरून काढून आपल्या हातात धरून ठेवला.

कुणी हसलं नाही. त्यामुळे मी आणखीच घाबरलो. मग मागच्या रांगांतून नाक ओढल्याचा आवाज आला. पडदा पडला तेव्हा भाषण तसंच राहिलं होतं.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. पण सेक्रेटरी पडद्यामागे आले, त्यांचे डोळे लाल होते. "चौबळबाई, ते कुलूप काय सुंदर बसवलंत हो!" ताई म्हणाल्या, "मी नाही, दामल्यांनी बसवलं." मंडळ पुढे कुणी ताईंकडून काढून घ्यायचं नाव काढलं नाही.

सगळे गेल्यावर मी चिडूनच विचारलं, "ताई, पहिला शब्द तरी द्यायचात. मी मेलो असतो तिथे."

ताई एका खोक्यावर बसल्या होत्या. त्यांनी रुमाल ओठावर धरला होता आणि त्या रुमालावर रक्त होतं. "तुमचं अख्खं भाषण मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "पहिला शब्द ओठावर आला होता, म्हणून ओठच चावून धरला. दिला असता तर मंडळ नक्की वाचलं असतं, आणि तुम्ही जन्मभर वाचत राहिला असतात." मग हळूच म्हणाल्या, "पाय बघा माझे, अजून लटपटताहेत." तोवर मी समजत होतो की ताईंना भीती वाटतच नाही.

पुढे कारखान्यात फोनची नवी यंत्रणा आली आणि बोर्ड बंद झाला. नव्वदच्या दशकात अंबरनाथचे एकेक कारखानेही आटत गेले. आम्ही सगळे धास्तावून बसलो असताना ताईंनी शिरगावात एक खोली घेतली आणि मुलांची शिबिरं सुरू केली. तिथेही त्या मुलांना शब्द पुरवत नाहीत, शेजारी उभ्या राहून घाबरतात. त्या खोलीतून बाहेर पडलेली कितीतरी मुलंमुली आज घरच्यांनी आखून दिलेल्या वाटेवरून उतरून आपापलं काही करत आहेत. मीही दर शनिवारी तिथे जातो आणि मुलांबरोबर, काहीही न लिहिता, गोष्टी रचतो. जाताना भीती वाटतेच.

ताई, साठीच्या निमित्ताने सगळे तुम्हाला उदंड आयुष्य चिंतत आहेत. माझी प्रार्थना थोडी स्वार्थी आहे. तुम्ही नसाल तो दिवस मनात आला की माझे हातपाय गार पडतात, आणि या भीतीवर तुमच्याकडेही औषध नसेल. म्हणून प्रकृतीला जपा, गुडघ्यांना जपा, खूप वर्षं धडधाकट राहा. आम्ही अडखळू, गप्प होऊ, वळून तुमच्याकडे पाहू. तेव्हा शब्द देऊ नका. फक्त विंगेत उभ्या राहा.