तांदूळ माहेरी येतो

सिंदेवाहीजवळच्या तलावाकाठी तंबू ठोकून राहायला गेलेल्या आम्हा तीन बायकांजवळ तीन पिशव्या तांदूळ होता आणि चिमूटभर मीठ नव्हतं.

याला कारण आमच्याकडची रीत. धान निघालं की कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, घरचा तांदूळ न्यायचा. मूल गावच्या शोभानं शेतातला नवा आणला. सिंदेवाहीच्या कांतानं कोठीत जपलेला जुना आणला. डाळ, तेल, मीठ दुसरी आणेल याची प्रत्येकीला खात्री! आणि मी? मी पुण्याहून तांदूळ आणला. (हसू नका. पुढे हसायला भरपूर जागा आहे.)

कॉलेजात आम्ही तिघी एका खोलीत, दोन गाद्यांवर झोपायचो. मग लग्न होऊन मी पुण्याला गेले. तिथं माझं सगळं बरं चाललंय, पण 'सुमे' म्हणून हाक मारणारं कुणी नाही. कधीकधी भात टाकताना मला त्या दोघींची भांडणं ऐकू येतात आणि इतकं जावंसं वाटतं की नवरा विचारतो, "कांदा चिरत होतीस का?" म्हणून ही सहल. मला वाघ पाहायचा नव्हता की पक्षी. त्या दोघींत पहिल्यासारखं बसायचं होतं, बस्स.

आणि त्यांनी मला खुर्ची दिली! घडीची, हात असलेली. स्वतः दोघी सतरंजीवर.

"तू बैस गं, दमली असशील," शोभा म्हणाली.

"चहात साखर चालते ना तुला?" कांतानं विचारलं.

चालते ना तुला! माझ्या डब्यातले लाडू चोरून खाणारी कांता, आणि माझ्याशी पाठ्यपुस्तकासारखं बोलत होती! माझ्यासाठी बाटलीबंद पाणीसुद्धा आणलं होतं. समोर तलाव फार सुंदर होता आणि मला रडू येत होतं.

काठावर जाळं सुकवणाऱ्या एका मावशींनी मीठ, मिरची, तेल आणि ओंजळभर झिंगे दिले. बदल्यात आम्ही तांदूळ दिला. (दुसरं होतं काय?) आता प्रश्न उरला, रांधायचा कुणाचा?

"नव्याचा वास तं पाह्य वो!" शोभा म्हणाली.

"वासानं पोट भरते का? नव्याचा गोळा होते. जुना टाक," कांता म्हणाली.

"तुह्या जुन्यात किडे पडले असन!"

ते ऐकून माझा जीव सुपाएवढा झाला. मीही उत्साहानं माझं पाकीट पुढे केलं. वर हरणाचं चित्र आणि 'रानातला दुर्मीळ सुवास'. शोभानं चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली आणि कांताकडे पाहिलं.

"छान आहे गं," ती हळूच म्हणाली. "मूलचाच आहे. आमच्या घरामागच्या मिलमधला."

म्हणजे मूलहून पुण्याला नांदायला गेलेला तांदूळ मी माहेरी परत आणला होता! पूर्वीची शोभा यावर लोळून हसली असती. ही तोंडाला पदर लावून गप्प बसली. पाहुणीला कुणी हसतं का?

तिथंच माझं डोकं फिरलं. दोघी झिंगे धुवायला पाण्याकडे गेल्या तशी मी खुर्ची सोडली, गंज (आमच्याकडचं मोठं जर्मनचं पातेलं) चुलीवर चढवला आणि भांडण कायमचं मिटावं म्हणून तिन्ही तांदूळ एकत्र ओतले. नवा पटकन शिजतो, जुन्याला वेळ लागतो, हे आमच्याकडे फ्रॉकातल्या पोरीलाही कळतं. मला कुकर कळतो. झाकण ठेवून मी शिट्टीची वाट पाहत बसले. गंजाला शिट्टी नसते!

करपल्याचा वास गेला तशा दोघी धावत आल्या. कांतानं झाकण उचललं. वर कच्चे दाणे, मध्ये खळ, तळाला कोळसा.

"सुमे!" ती कडाडली. "काय करून ठेवलं वो हे? नवाजुना एका गंजात कोन टाकते?"

"भात रांधता येत नाई अन् तंबूत राहाले आली!" शोभा ओरडली. "अन् मूलचा तांदूळ मूललेच आणते! येडी कुठची!" आणि आतापर्यंत दाबलेलं सगळं हसू फुटून ती सतरंजीवर आडवी झाली.

"ते खुर्ची घडी करून ठेव पह्यले," कांता म्हणाली. "अन् हा गंज तूच घासशीन!"

माझे डोळे भरून आले.

"रडून काऊन राह्यली वो?" कांता घाबरली.

"तुमची लय आठवण येते," मी म्हणाले. "पुण्यात मले असं कोनीच रागवत नाई."

मग शोभानं मला सतरंजीवर ओढलं. कांतानं जुन्याचा भात मावशींकडून मागून आणलेल्या पातेल्यात टाकला आणि झिंग्यांच्या रश्शाबरोबर आम्ही तो एकाच ताटात जेवलो. (जुन्याला नावं ठेवणारी शोभा सगळ्यात जास्त जेवली.) बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले.

सकाळी त्या दोघी सूर्योदय पाहून आल्या, पक्षी पाहून आल्या, पलीकडच्या काठावर चरणारे चितळसुद्धा पाहून आल्या. मी राख घेऊन गंजाशी झटत होते.

घरी पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, "मग? एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंस?"

"गंजाचा तळ," मी ऐटीत सांगितलं. "तोही अजून पुरता दिसलेला नाही. पुढच्या वर्षी परत घासायला बोलावलंय."