डाव्या हाताचं माप

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, भाद्रपदातल्या एका सकाळी, कळवण तालुक्यातल्या एका शेतकरी स्त्रीने नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला. तो जागीच गेला. पोलीस येईपर्यंत ती ओट्यावर बसून होती.

खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला. मी तेव्हा एका दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या करत असे. खून सिद्ध झाला असता तर किमान जन्मठेप होती. त्याने एका हाताने गळा धरला होता, दुसऱ्या हातात कोयता होता, एवढंच तिचं म्हणणं. बचावाच्या वकिलांनी स्वसंरक्षणाचा हक्क मांडला. पण आधीच्या मारहाणीची पोलिसात तक्रार नव्हती, दवाखान्याचा कागद नव्हता. शेजाऱ्यांनी कधी काही ऐकलंच नव्हतं.

वकिलांनी मग त्या भागातल्या गावांतून फिरून बांगड्या भरणारी म्हातारी कासारीण साक्षीला आणली.

"दर पंधरवड्याला भरायची हिला," ती म्हणाली.

"बांगड्या भांडी घासतानाही फुटतात," सरकारी वकील म्हणाले.

"फुटत्यात ना साहेब. पण भांडी घासून हाड नाय मोडत. हिचा उजवा हात सव्वादोनचा. डाव्याला अडीच लागायची. अंगठ्याखाली दुमडतच नाय."

न्यायाधीशांनी माप घालून दाखवायला सांगितलं. कासारणीने पेटी उघडली आणि थांबली.

"नवरा गेलेल्या बाईला काच कशी भरू? पाप लागंल मला."

"भर, मावशी," आरोपी म्हणाली. "आता काय व्हायचं राह्यलंय?"

"हात ढिला सोड मग."

सव्वादोनची बांगडी उजव्या हातात सहज गेली. डाव्या हातात अंगठ्यापाशी अडली. कासारणीने जरा दाबली, तशी फुटली.

न्यायाधीशांनी हात तपासण्याचा हुकूम दिला. डाव्या हाताची दोन हाडं वेगवेगळ्या वेळी मोडून वाकडी जुळली आहेत, असा सरकारी डॉक्टरांचा अहवाल आला.

निकालात स्वसंरक्षणाचा हक्क मान्य झाला. निर्दोष. मी वहीत तो शब्द लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. एरवी ओढत नसे. बाहेर तिच्या भावाने वकिलांना गाठलं.

"म्हंजे घरी न्यायची का हिला?"

"आजच न्या. अन् आधी काहीतरी खायला घाला."

अपिलाची मुदत संपल्यावर मी सरकारी वकिलांच्या कार्यालयात चौकशी केली. सरकारने अपील दाखल केलेलं नव्हतं.