इब्राहिमचाचांच्या कालच्या कण्या

इब्राहिमचाचा सकाळी किचनमध्ये आले, की आधी कालच्या पातेल्याला हात लावायचे. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात ना, तसा उलटा हात. मग झाकण काढून आत वाकून बघायचे आणि जाहीर करायचे, "थंड झालंय, मेलं नाय! यल्ला, चला!" आत असायच्या आदल्या दिवशी उरलेल्या, शिजवलेल्या मक्याच्या कण्या. त्या बघून या माणसाला जेवढा आनंद व्हायचा, तेवढा ताजं मटण आलं तरी होत नसे.

दुबईच्या पलीकडे, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीचा लेबर कॅम्प होता. माणसं एकशेचाळीस, निम्मी आपल्याकडची. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, वीस वर्षं तिथे कुक. मी कॅम्प ॲडमिन म्हणून नवा लागलो होतो. बीकॉम, फर्स्ट क्लास. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. चाचांनी पहिल्याच दिवशी ते ऐकून घेतलं आणि माझं नाव 'डिग्रीवाला' ठेवून टाकलं.

"काय रे डिग्रीवाल्या, तुमच्या गावात कण्या खातात काय?"

"ज्वारीच्या. ताकाबरोबर."

"आणि उरल्या की?"

"म्हशीला."

"मग तुमच्यापेक्षा म्हैस हुशार!"

उरलेल्या कण्यांवर चाचांचं म्हणणं ठाम होतं. "गरम असतात तवर त्या कोणाचं ऐकत नाय. रात्रभर फ्रीजमध्ये बसल्या की शहाण्या होतात. मग तू म्हणशील ते ऐकतात." आणि खरंच ऐकायच्या. ताटात थापून घट्ट झालेल्या कण्यांच्या वड्या कापायच्या, तांदळाच्या पिठीत घोळवायच्या आणि तव्यावर लाल करायच्या. कधी त्यातच कांदा, मिरची, कोथिंबीर मळून थालीपीठ. एकदा सुकट घालून कटलेट केले, तर साताऱ्याचा आमचा सुतार तीन वेळा रांगेत उभा राहिला आणि तिसऱ्या वेळी टोपी घालून आला. चाचांनी ओळखलं आणि तरी वाढलं.

आता त्या ईदची गोष्ट सांगतो.

हेड ऑफिसला आमचं किचन बंद करून बाहेरच्या केटररला द्यायचं होतं. कारण काय, तर अन्न फार वाया जातं. वाया गेलेल्याचं वजन रोज मीच मेलवर पाठवत होतो. कामच होतं माझं. किचन गेलं असतं तर चाचांचा व्हिसाही गेला असता. हेड ऑफिसचे नायरसाहेब ईदच्या सकाळी कॅम्पात येऊन, कचऱ्याचे डबे बघून काय ते ठरवणार होते.

मी एक्सेलमध्ये शीट केली. रोजे किती, माणसं किती, कण्या किती. एकोणतिसाव्या रोज्याला दुपारीच चाचांना म्हणालो, "उद्या पहाटे रोज्याआधी खायच्या, सहरीच्या कण्या आत्ताच शिजवून घ्या. मग किचन धुऊन चकाचक करू. परवा ईदला साहेब येतील."

"आज चाँद दिसला तर?"

"शीटमध्ये तीस रोजे धरलेत."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "चाँदला तुझी शीट दाखवलीस काय?"

पण ॲडमिन मी होतो. हट्टाला पेटलो. त्यांनी मोठं पातेलं चढवलं.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर थोड्याच वेळात सगळ्या खोल्यांतून एकच ओरडा झाला. चाँद दिसला! लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि मी किचनमध्ये एकशेचाळीस माणसांच्या कण्यांसमोर उभा. उद्याच ईद, म्हणजे सहरी आता नव्हती. सकाळी सुट्टी, शीरखुर्मा, बिर्याणी. कण्या कोण खाणार? आणि साहेब परवा नाही, उद्याच येणार होते.

"चाचा, खलास. माझ्यामुळे तुमचं किचन गेलं."

चाचांनी पातेल्याला उलटा हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अरे, अजून गरमच हाय! थंड तरी होऊ दे, मग रड!"

मग जे सुरू झालं! ताटं, ट्रे, डब्यांची झाकणं, जे सपाट होतं ते सगळं तेल लावून पुढे आलं. गवंडी प्लास्टर करतो तशा कण्या सुतार थापत होता. "लेव्हल बघ रे, लेव्हल!" चाचा ओरडत होते. निम्म्या कण्यांत त्यांनी गूळ, नारळ, वेलची घातली, मधे खजूर भरून गोळे केले. सगळं फ्रीजमध्ये गेलं. किचन धुवायचं राहूनच गेलं.

सकाळी नमाजहून माणसं नवे कपडे घालून परतली, तेव्हा मोठ्या तव्यावर वड्या चर्र करत होत्या आणि कढईत खजुराचे गोळे फुलत होते. कडेला चटणी. कडक अत्तर आणि तळणाचा वास एकत्र. नायरसाहेब आले, त्यांच्या हातात चाचांनी आधी बशी दिली. त्यांनी एक गोळा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा रुमालात बांधला. मग डबे उघडून बघितले. खजुराच्या बिया आणि कांद्याची सालं.

"ये ईद का स्पेशल है क्या?" त्यांनी विचारलं.

"हां साब, गाव का," चाचा झटकन म्हणाले.

मला राहवेना. मी म्हटलं, "नहीं सर. कल की कण्या है. ज्यादा मैंने पकवाई थी. चाचा ने मना किया था."

 साहेब चौथा गोळा उचलून म्हणाले, "किचन इनके पास रहेगा. और तुम इनसे पूछ के शीट बनाओ."

ते गेल्यावर चाचा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मी झाकलेलं तू कशाला उघडलंस रे? कॉलेजात हेच शिकवतात?" पण दिवसभर येईल त्याला सांगत होते, "आमचा डिग्रीवाला खोटं बोलत नाय!" सर्टिफिकेट घेताना वाटला नव्हता तेवढा अभिमान मला त्या दिवशी वाटला.

मागच्या वर्षी चाचा कायमचे गावी गेले. जायच्या दिवशी सकाळी बघतो तर पातेलं काठोकाठ कण्यांनी भरलेलं.

"चाचा, एवढ्या कशाला? उरतील ना!"

"उरू देत. उद्या मी नसेन. तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी किचनमध्ये गेलो. पातेल्याला उलटा हात लावला. वड्या कापल्या, तव्यावर टाकल्या आणि पहिल्याच घाण्याचा भुगा झाला. चाचांना व्हिडिओ पाठवला. मिनिटात त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे कोंबडी ओरडत होती:

"तवा तापलाय काय? नाय ना? मग घाई कसली, डिग्रीवाल्या? तो भुगा टाकू नको हां! कांदा चिर, यल्ला!"

मी कांदा चिरायला घेतला.