कमलम्माच्या खिडकीची बिजागरी

सोमवार, २० नोव्हेंबर १९७८. सकाळी हवेत गारवा. कमलम्माच्या खिडकीला नव्या बिजागऱ्या बसवल्या. शिवलिंगप्पा येऊन बघून गेले. दुपारची झोप बुडाली.

रोजनिशीत एवढेच लिहिले. पण दिवस याहून मोठा होता, म्हणून सविस्तर लिहिते.

कमलम्मा माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून ती कडक भाकरी आणि शेंगांची चटणी विकते. दुकान म्हणजे गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. गिरणीचा भोंगा झाला की कामगार तिथे थांबतात, आणि ती भाकरीबरोबर प्रत्येकाला एखादा टोमणाही देते. जालिंदर नावाचा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, रोज चटणीला तिखट कमी म्हणून कुरकुरतो. त्याला ती म्हणते, "बायकोला बोलायचं ते हितं बोलतोस व्हय रे?"

या खिडकीची एक झडप लोंबू लागली होती. लावताना उचलून धरावी लागे. गेल्या आठवड्यात घरमालक शिवलिंगप्पा जवळून जात असताना ती वरून निसटली आणि त्यांच्या टोपीला घासून गेली. मनाने ते वाईट नाहीत, पण घाबरले. सोमवारी संध्याकाळपर्यंत झडप नीट झाली नाही, तर खिडकी विटांनी बुजवतो, असे सांगून गेले. खिडकी बुजली की कमलम्माची चूल थंडच.

सुतार एका लग्नाच्या कपाटात अडकलेला. शेवटी नवी पेठेतून आम्हीच बिजागऱ्या आणल्या. नमुन्याला जुनी नेली नव्हती, त्यामुळे मोठ्या आल्या आणि पुन्हा जाऊन बदलाव्या लागल्या. दुपारी गल्लीत स्टूल मांडून ती चढली, मी झडप पोटाशी धरून उभी राहिले. स्क्रूंची भोके सैल झाली होती. त्यांत तिने कडुलिंबाच्या काडीचे तुकडे ठोकले, मग स्क्रू घट्ट बसले.

काढलेली बिजागरी पाहिली तर मधला खिळा झिजून सुईसारखा झालेला, भोवती करडा लगदा. यात काय घालतेस, असे मी विचारले. दर सोमवारी पूजा झाली की ती खिडकीलाही, भार पेलते म्हणून बिजागरीवरच, विभूती लावते आणि दिव्यातले उरलेले करडईचे तेल वर सोडते. जी खिडकी पोसते, तिला कसे विसरायचे, असे तिचे म्हणणे.

मला हसू आवरेना. पितळेची भांडी आपण राखेने घासतो, तशी ती इतकी वर्षे भक्तिभावाने बिजागरी घासत होती. हे सांगितले तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. विभूती सोडणे तिच्या जिवावर आले होते, आणि लावत राहिली तर नव्या बिजागऱ्याही जाणार होत्या.

मग ती स्टुलावरून उतरली, आतून विभूतीचा गोळा घेऊन आली आणि बिजागरीपासून बरेच लांब, चौकटीच्या लाकडावर तीन बोटे ओढली.

"भार तर लाकूडच घेतंय की, अक्का," ती म्हणाली. "लोखंडाला नुसतं तेल. ते तुमचं मशीनचं द्या."

मी शिवणयंत्राचे तेल आणून थेंब थेंब सोडले. झडप आवाज न करता फिरली.

शिवलिंगप्पा आले ते टोपी काढून हातात धरूनच. झडप चारदा उघडून लावून पाहिली, आणि मग बेताबेताने तिच्याखाली उभे राहिले. कमलम्मा तोवर आत जाऊन खिडकीत बसली होती.

"मालक, काळजी टोपीची हाय का डोक्याची?"

ते हसले. विटा आता न्हाणीच्या ओट्याला वापरीन म्हणाले आणि चटणीची पुडी बांधायला सांगितली. पुडी बांधून होईतो भोंगा झाला.

संध्याकाळी रोजनिशीत खाली आणखी एक ओळ लिहिली: घरच्या सगळ्या खिडक्यांना तेल घातले, बाटली संपली.