दार लावलं की चावायची

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वडवणीजवळच्या एका वस्तीवर आमची दोनशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथीचा वर्ग होता आणि तिसरीतली एक मुलगी पोरांना चावायची. पावसाळाभर अगदी गरीब गाय, पण त्या साली दसरा झाला आणि पंधरा दिवसांत चौघांना चावली. एकाच्या दंडातून रक्त निघालं, तेव्हा त्याची आई मला वाट्टेल ते बोलून गेली.

मुलीचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की सहा महिने कारखान्यावर, आणि मुलगी चुलतीकडे. चुलतीनं यंदा साफ सांगितलं, असली चावरी पोर मी ठेवून घेणार नाही. म्हणजे तिला सोबत फडात न्यावं लागणार आणि शाळा सुटणार. वर्गात भागाकार सगळ्यांत आधी तिचा व्हायचा, त्यामुळे मला ते खरंच नको होतं.

आजवर माझी पद्धत सोपी होती. खोडी काढणाऱ्याच्या बापाला बोलवायचं, चारचौघांत तक्रार सांगायची, तो तिथंच दोन ठेवून द्यायचा आणि विषय मिटायचा. पण एका प्रशिक्षणात ऐकलं होतं की कारण शोधताना आईबापांना सोबत घ्या. म्हणून दोघांनाही बोलावलं. कापसाची वेचणी बुडवून ते आले. आई वर्गात मागं बसली, बाप संकोचून बाहेर पायरीवर.

दुपारी वारा सुटला, धूळ आत यायला लागली, म्हणून एक मुलगी दार लावायला उठली. ही झेपावलीच. आईनं मधल्या मधे धरलं म्हणून बरं.

आई सातवीपर्यंत शिकलेली. मी केलेल्या नोंदींची वही तिनं मागून घेतली. कोणाला चावली, कुठं चावली, किती वाजता, सगळं मी टापटीप लिहिलं होतं. तिनं ते वाचलं आणि चावा बसलेल्या चौघांना जवळ बोलावून एकच विचारलं, तेव्हा तू काय करत होतास? चौघांचं उत्तर एकच निघालं. दार लावत होतो. हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. स्वतःचाच राग आला.

मग बाप पायरीवरून बोलला. तोडीला नेणाऱ्या ट्रॅक्टरमागं लेकरं पळतात, रडतात, म्हणून त्यांच्या वस्तीवर लेकरं शाळेत असतानाच निघायची रीत. गेल्या साली तेही तसेच गेले होते. संध्याकाळी पोर घरी आली तर दाराला कुलूप. आता दसरा झाला, म्हणजे परत ते दिवस जवळ आले, हे तिला कळत होतं.

आई हळूच म्हणाली, "तुमीच म्हणला होता बाई, मी दार लावून घेते, तुमी निघा."

म्हणाले होते. दार लावून वर्गाला मोठमोठ्यानं कविताही म्हणायला लावल्या होत्या, इंजिन ऐकू येऊ नये म्हणून. मी चांगलंच करतेय अशी माझी खात्री होती. 

त्या साली बापानं तिला आठ दिवस आधी जाण्याचा दिवस सांगितला. चुलतीनं महिनाभर बघते म्हटलं. निघायच्या दिवशी मी दार उघडं ठेवलं आणि तिला घेऊन रस्त्यावर गेले. ती खूप रडली. आईही रडली. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. पुढे महिनाभरात ती एकदाही चावली नाही आणि चुलतीनं तिला ठेवून घेतलं.

ट्रॅक्टर गेला त्या दिवशी शाळेकडं परतताना तिनं मला विचारलं, "बाई, माघल्या साली तुमाला म्हाईत होतं?"

मी हो म्हणाले.

ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, "मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत उभी होती.